शरदातली छोटी सुखं अंगाला का मानवतात

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत घरोघर एकच तक्रार ऐकू येते. दुपारी पंख्याखालीही जीव कासावीस होतो, आणि पहाटे मात्र पायाशी पडलेली चादर अंगावर ओढून घ्यावी लागते. याच दिवसांत काही अगदी साध्या गोष्टींनी फार बरं वाटतं: माठातलं पाणी, तेल लावून केलेली आंघोळ, तळपायाला चोळलेलं तूप, सकाळचं कोवळं ऊन, गच्चीवरचं मसाला दूध. आपल्याला त्या सवयीच्या आहेत म्हणून आपण त्यांच्याकडे नीट पाहत नाही. पण त्यांनी बरं का वाटतं हे समजलं, की त्या कोणत्या वेळी करायच्या हेही समजतं. शरदात सगळा प्रश्न वेळेचाच आहे. सकाळी सातला जे सुख असतं, तेच दुपारी बाराला त्रास होतं.

आधी हवामान समजून घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. २० ऑक्टोबरला भर दुपारीही तो जवळजवळ ३० अंश दक्षिणेला कललेला असतो. म्हणजे हिशेबाने ऑक्टोबर ऑगस्टपेक्षा थंड हवा. प्रत्यक्षात मुंबईत ऑगस्टमधलं दुपारचं तापमान सरासरी ३० अंशांच्या आसपास असतं आणि ऑक्टोबरमध्ये ते ३३-३४ वर जातं. हा फरक ढगांमुळे पडतो. पावसाळ्यात ढग ऊन अडवतात. हवामान खात्याच्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस १७ सप्टेंबरच्या सुमारास राजस्थानातून परतायला लागतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतो. तो गेला की आकाश मोकळं होतं आणि ऊन थेट जमिनीवर पडतं. जमीन मात्र अजून ओली असते. त्या ओलीची वाफ हवेत मिसळते, वारा पडलेला असतो, आणि पहिले दहा-पंधरा दिवस घाम वाळतच नाही. ऑक्टोबर हीटचा सगळ्यात वाईट भाग तो हाच.

महिना सरत आला की वारा फिरतो. नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येणारा ओला वारा थांबतो आणि ईशान्य-पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडा वारा यायला लागतो. दुपार तापलेलीच राहते, पण रात्र बदलते. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. दिवसभर साठलेली उष्णता ते रात्री बाहेर जाऊ देत नाहीत. गोधडी निघाली की जमीन रात्रभर उष्णता आकाशात सोडत राहते आणि पहाटे गवतावर दव पडतं. पुण्यात ऑगस्टमध्ये दिवस आणि रात्रीच्या तापमानातला फरक सहा-सात अंशांचाच असतो. ऑक्टोबरमध्ये तो साधारण तेरा अंशांवर जातो. एका दिवसात शरीराला जणू दोन ऋतू काढावे लागतात. थकवा, कोरडा घसा, अर्धवट झोप, विनाकारण चिडचिड यांचं बरंचसं मूळ इथे आहे. जुन्या वैद्यांनी ‘वैद्यानां शारदी माता’ म्हणून ठेवलं ते उगाच नाही. शरदात आजारी पडणारे इतके, की वैद्याला हा ऋतू आईसारखा पोसतो.

घरात हा बदल सगळ्यात आधी कळतो तो खोबरेल तेलाच्या बाटलीत. खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या बहुतेक घरांत तापमान त्याच्या खाली फारसं उतरत नाही, म्हणून तेल पातळ राहतं. मग एका सकाळी बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही, बुडाशी पांढरा थर दिसतो, आणि दहापर्यंत तोच थर पुन्हा विरघळतो. यापेक्षा नेमका घरगुती तापमापक मला माहीत नाही. बाटली थिजायला लागली की समजावं, रात्री आता कोरड्या आणि गार झाल्या, त्वचेकडे लक्ष द्यायची वेळ आली.

माठाचंही असंच आहे. मातीच्या सच्छिद्र भांड्यातून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगाला येऊन त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढंच पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला फक्त ८०. म्हणून थोडंसंच पाणी उडालं तरी आतलं पुष्कळ गार होतं. पण हवा आधीच ओलीचिंब असेल तर पाणी उडणार कुठे? जुलैत माठातलं पाणी जेमतेम गार होतं ते याचमुळे. पावसाळ्यात माळ्यावर टाकलेला माठ आता खाली काढावा, घासून धुवावा, आणि वारा लागेल अशा जागी सावलीत ठेवावा. कोपऱ्यात कपाटाच्या आड ठेवलेला माठ अर्धंच काम करतो. घामाचं गणितही हेच असल्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला चिकचिकणारा माणूस महिनाअखेरीला, तापमान तेवढंच असूनही, सुसह्य अवस्थेत असतो. फक्त घाम लगेच वाळल्यामुळे किती पाणी गेलं हे कळत नाही. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहावं.

तेल, उटणं आणि गरम पाणी

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, ते अभ्यंग. नरक चतुर्दशीच्या पहाटे घराघरात होतं, आणि मग वर्षभर कुणी नाव काढत नाही. एवढी चांगली गोष्ट एका दिवसापुरती ठेवणं मला पटत नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. शरीरातलं पाणी बाहेर उडून जाऊ नये याची राखण हा थर करतो. हवा कोरडी झाली की पाणी जास्त वेगाने उडतं, थर ताठर होतो, पोटऱ्या पांढुरक्या दिसतात, टाचा तडकायला लागतात. तेलाचा पातळ लेप ही गळती कमी करतो. साबण मात्र मळाबरोबर हे स्निग्ध पदार्थही धुऊन नेतो, आणि पाणी जितकं कढत तितके ते जास्त जातात. उटण्याची युक्ती इथे लक्षात येते. आधी तेल, वर उटणं. डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा यांची पूड अंगावरचं जादा तेल शोषून घेते आणि खाली अगदी पातळ थर शिल्लक राहतो. अंग तेलकटही राहत नाही आणि कोरडंही पडत नाही. उटणं दाणेदार असेल तर जोर लावून घासू नये. कोरड्या त्वचेला बारीक ओरखडे पडतात आणि मग आग होते. बाजारच्या पुड्यात संत्र्याची साल असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.

हे त्वचेपुरतं झालं. मनाला बरं वाटतं त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या पाठीवर, दंडांवर, पोटऱ्यांवर, म्हणजे जिथे बारीक लव असते अशा त्वचेत, एका खास प्रकारचे मज्जातंतू असतात. टोचलं, चिमटा बसला याची खबर देणारे तंतू वेगळे. हे मंद तंतू फक्त हळुवार कुरवाळण्याला दाद देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा असं दिसलं की सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने हात फिरला तर ते सगळ्यात जास्त जागे होतात, आणि हाताची ऊब साधारण त्वचेइतकी, ३२ अंशांच्या आसपास, असली तर अधिकच. त्यांचा निरोप जातो मेंदूच्या भावना हाताळणाऱ्या भागाकडे. आई मुलाच्या पाठीवरून तेलाचा हात फिरवते तो वेग नेमका एवढाच असतो. घाईघाईने रगडलेल्या तेलाने त्वचा मऊ होईल, पण हे तंतू गप्प राहतील. तेल कोमट करून घ्यावं आणि हात सावकाश फिरवावा, इतकंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर हे कुणीतरी आवर्जून करायला हवं. त्यांच्या वाट्याला स्पर्श फार कमी येतो.

तळहात आणि तळपायाच्या जाड त्वचेत हे मंद तंतू फारसे नसतात. तरीही काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतले की डोळे मिटायला लागतात. ते कसं? त्यासाठी झोपेकडे वळावं लागेल. झोप लागायच्या आधी शरीराच्या गाभ्याचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ही उष्णता बाहेर पडते मुख्यतः हातापायांतून. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की हात-पाय धडाच्या मानाने जितके उबदार, तितकी झोप लवकर. पाय चोळले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पृष्ठभागाशी येतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. ‘पाय चोळले की अंगातली उष्णता उतरते’ हे आजीचं म्हणणं या अर्थाने अक्षरशः खरं आहे.

वाटीवर आणि पायावर जो काळा मळ येतो तो मात्र उष्णता नव्हे, शरीरातली घाणही नव्हे. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. घासताना धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि तुपातल्या स्निग्ध आम्लांशी मिसळून काळे पडतात. आता काशाच्या थाळीची विजेवर फिरणारी मशीन गावोगाव आली आहेत आणि तिथे ‘बघा किती काळं निघालं’ असं दाखवलं जातं. काळं निघालं म्हणून घाबरू नये, आणि नाही निघालं म्हणून पैसे वाया गेले असंही समजू नये. घरातली वाटी आणि अर्धा चमचा तूप पुरतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर वाटी टाळून नुसत्या हाताने हलकं चोळावं, कारण सोललेलं कळत नाही.

रात्रीच्या आंघोळीचं गमकही हेच. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये या विषयावरचे आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने, झोपण्याआधी एक ते दोन तास आंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यांना दिसलं. दिवसभर उकडलं म्हणून रात्री थंडगार पाणी घ्यावंसं वाटतं, पण थंड पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. आठच्या लोकलने घरी पोचणाऱ्याने नऊला ऊनऊन पाण्याने आंघोळ करावी, जेवावं, आणि अकराला पाठ टेकावी. अंथरुणात पडण्याच्या पाच मिनिटं आधी केलेल्या आंघोळीचा तेवढा उपयोग नाही, कारण शरीर अजून तापलेलंच असतं.

परत आलेला उजेड

युरोपातल्या शरदाबद्दल वाचलं की मेणबत्त्या, लोकरी पांघरुणं, शेकोटी असं सगळं दिसतं. तिकडे शरदात उजेड कमी होत जातो, आणि हरवलेल्या उजेडाची भरपाई करायची असते. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. आपला अंधारा काळ म्हणजे आषाढ-श्रावण. चार महिने ढगाखाली काढल्यावर शरदात उजेड परत येतो. नवरात्रात सकाळी अंगणात पाऊल टाकताच मन हलकं होतं, त्याला हे कारण आहे.

लक्स हे उजेड मोजायचं माप. घरात दिवा लावल्यावर २०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर दाट ढग असले तरी काही हजार लक्स मिळतात, आणि स्वच्छ उन्हात हाच आकडा एक लाखापर्यंत जातो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी पाहण्यासाठी नसून फक्त उजेड मोजण्यासाठी असतात. त्या मेंदूतल्या घड्याळाला सांगतात की दिवस सुरू झाला. सकाळी हा निरोप ठळक पोचला की रात्री झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, वेळेवर स्रवतं. आनंदाशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिनची मेंदूतली उलाढालही त्या दिवशी किती ऊन आहे यावर हलते, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २००२ मध्ये दिसलं. म्हणून चहाचा कप घेऊन गॅलरीत, ओट्यावर, बसस्टॉपवर का होईना, सातच्या आसपास वीस मिनिटं उजेडात थांबावं. खिडकीच्या आत बसून तेवढा उजेड मिळत नाही.

रात्री याच्या उलट करायचं. २०२२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने सुचवलं की झोपण्याआधीच्या तीन तासांत डोळ्यांपर्यंत १० लक्सहून जास्त उजेड पोचू नये. पूर्ण चंद्राचा उजेड पाव लक्ससुद्धा नसतो. तो डोळ्याला पुरेसा आणि झोपेला निरुपद्रवी आहे. आषाढ, श्रावण आणि भाद्रपद या तीन पौर्णिमा बहुतेक ढगांत जातात. आश्विनातली कोजागिरी ही पावसाळ्यानंतरची पहिली स्वच्छ पौर्णिमा. तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी असेल तर मोठे हॅलोजन बंद करा, ही माझी मनापासून विनंती आहे. पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि माणसं ओळखू यायला लागतात.

मसाला दुधाबद्दल एक गैरसमज आहे. दुधातल्या ट्रिप्टोफॅनमुळे झोप येते असं सांगतात. ट्रिप्टोफॅन दुधात असतं हे खरं, पण त्याच्यासोबत इतर अमिनो आम्लंही असतात, आणि मेंदूत शिरण्याच्या वाटेवर ती सगळी एकमेकांशी चढाओढ करतात. मेंदूपर्यंत पोचतं ते फार थोडं. चिमूटभर जायफळही चवीसाठीच. दोन चमचे जायफळ पोटात गेलं तर मात्र छाती धडधडते, भ्रम होतो, तेव्हा हात आखडता ठेवावा. दुधाचं सुख दुसरीकडे आहे. कढईत आटून दाट झालेलं, केशर-वेलचीचं, चारोळी दाताखाली येणारं ते दूध गरम असतं, बाहेर हवा नुकती गार झालेली असते, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. यातली एक गोष्ट काढून घेतली तर दूध तेच राहूनही सुख उणं होतं.

वासाचंही थोडं सांगायला हवं. या दिवसांत पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सातविण फुलते. संध्याकाळनंतर तिचा वास एवढा दाटतो की काहींचं डोकं दुखतं, आणि काहींना त्याशिवाय दिवाळी जवळ आल्यासारखं वाटत नाही. तो रात्रीच का दाटतो? स्वच्छ रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि जड होऊन खालीच बसते. वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते, त्यामुळे खालची वर जात नाही आणि वास आपल्या नाकाच्या उंचीवर अडकून राहतो. पारिजातकाचा सडाही याच थरात दरवळतो. वासाची खबर मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे इतर संवेदनांपेक्षा थेट जाते, म्हणून एका झुळकेसरशी शाळेची सहामाही परीक्षा आठवते. अडचण अशी की हाच थर धूरही धरून ठेवतो. फटाक्यांचा, शेकोटीचा, गाड्यांचा धूर पहाटे खालीच साचलेला असतो. दम्याच्या माणसाने फिरायला पहाटे पाचला जाण्यापेक्षा ऊन पडून हवा हलायला लागल्यावर निघावं.

आणि भोंडला. पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात, एका सुरात गातात, आणि शेवटी झाकलेला डबा येतो. खिरापत काय आहे ते ओळखायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं, वाटली डाळ की करंजी यावर वाद घालायचा. मेंदूतल्या बक्षिसाच्या यंत्रणेवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की बक्षीस मिळेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा मधल्या वाट पाहण्याच्या क्षणांत डोपामिनच्या पेशी सगळ्यात जास्त जाग्या असतात. झाकण उघडेपर्यंतची ती दोन मिनिटं डाळीइतकीच खमंग लागतात ती त्यामुळे. घरात मुलं असतील तर रोजच्या डब्यातही हे करता येतं.

हा ऋतू सगळ्यांना सारखा नसतो, हे विसरता येत नाही. परतीचा पाऊस कापून ठेवलेल्या सोयाबीनवर पडला तर मराठवाड्यातल्या घरात कोजागिरीचं दूध गोड लागत नाही, आणि त्यावर अभ्यंग हा उपाय नाही. कुणाचंही मन दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत खाली गेलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तेला-दुधावर थांबू नये. सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

लंडनला किंवा टोरंटोला असलेल्या आपल्या माणसांना हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. मुंबईत जूनमधला सगळ्यात मोठा आणि डिसेंबरमधला सगळ्यात छोटा दिवस यांत सव्वादोन तासांचाच फरक असतो. लंडनमध्ये तो जवळजवळ पावणेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आत अंधार पडतो. तिथे सकाळी सातचं कोवळं ऊन शोधण्यात अर्थ नाही. जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी, ढग असले तरी अर्धा तास बाहेर चालावं. दर वर्षी याच काळात मन बसत असेल तर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार तिकडचे डॉक्टर सुचवतात. डोळ्यांचा आजार असेल किंवा मन कधी फार चढतं आणि कधी फार उतरतं असं असेल, तर त्यांना विचारूनच दिवा आणावा. हीटरमुळे घरातली हवा आपल्या ऑक्टोबर अखेरीपेक्षाही कोरडी होते, तेव्हा तेलाची गरज तिथे जास्त. खोबरेल सतत थिजलेलं राहतं म्हणून तिळाचं तेल बरं पडतं, आणि आंघोळीनंतर अंग अजून ओलसर असतानाच ते लावलं तर त्वचेतलं पाणी आत टिकतं.